मदतनीस शिकणार, मदतनीस शिकवणार

अंगणवाडीचं कुलूप आम्ही उघडतो. झाडलोट, पिण्याचं पाणी, सतरंज्या, मग वस्तीत घरोघर जाऊन लेकरं गोळा करणं, आहार वाढणं, भांडी, कुणाची शी-शू, कुणाचं नाक. इतकं आमचं काम म्हणून कागदावर लिहिलेलं आहे. कागदावर नसलेलं काम त्यानंतर सुरू होतं. सेविकाताई प्रकल्पाच्या बैठकीला गेलेल्या असतात, नाहीतर गरोदर बाईच्या घरी गृहभेटीला, नाहीतर मतदारयादीच्या कामावर. कधी त्या अंगणवाडीतच असतात, पण पोषण ट्रॅकर ॲप उघडत नाही म्हणून मोबाइल घेऊन दाराबाहेर रेंज शोधत उभ्या. त्या वेळी तीन ते सहा वर्षांची लेकरं आमच्यासमोर बसलेली असतात. बडबडगीत आम्ही म्हणून घेतो. चिंचोके मोजायला लावतो, मणी रंगानुसार वेगळे करायला देतो, गोष्ट सांगताना मधेच थांबून पुढं काय झालं असेल ते विचारतो. नवीन आलेलं मूल दाराकडं बघून रडत असेल तर त्याला कडेवर घेऊनच हे सगळं चालतं.

यालाच शिकवणं म्हणतात. ते आम्ही करतो, वर्षानुवर्षं करतो, आणि तरीही शिक्षिका होण्याच्या वाटेवर त्याची एका दिवसाचीही गणती होत नाही. म्हणून आम्ही, महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांतल्या मदतनीस, आज जाहीर करतो की आम्ही शिक्षिकेची पात्रता मिळवण्यासाठी अभ्यासाला बसणार आहोत. आणि ज्या वाटेवर आज जागोजागी भिंती आहेत, ती वाट शासनानं मोकळी करावी यासाठी एकत्र येऊन लढणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वच्छ सांगतो. आम्हाला परीक्षेत सूट नको. गुणांची मेहरबानी नको. मुलांसमोर अर्धवट तयारीची बाई उभी राहावी, असं आमच्यापैकी एकीलाही वाटत नाही, कारण त्या मुलांत आमचीही मुलं आहेत. आमची स्वतःची लेकरं कुठल्या खासगी नर्सरीत जात नाहीत, याच अंगणवाडीतून पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. तिथली बाई उत्तम शिकलेली असावी ही आमची गरज आहे. ती बाई उद्या आमच्यातून यावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आमच्यात तऱ्हेतऱ्हेच्या बायका आहेत. पूर्वी मदतनीस होण्यासाठी सातवी पुरत होती, त्या वेळी लागलेल्या आहेत. दहावीत गणित किंवा इंग्रजी राहिलं, लग्न झालं आणि पुस्तक मिटलं, अशा आहेत. २०२३ पासून राज्यानं मदतनीस आणि सेविका दोघींसाठी बारावी पास ही अट केली. त्या अटीतून आलेल्या तरुण मुली आहेत. डी.एड. करून शिक्षकभरतीची वाट बघून थकलेल्या आणि शेवटी गावातली जागा सुटली म्हणून मदतनीस झालेल्याही आहेत. एकल बायका आहेत, नवरा ऊसतोडीला जाणाऱ्या आहेत. २०२४च्या वाढीनंतर आमचं मानधन साडेसात हजारांवर आलं. पगार म्हणत नाहीत त्याला, मानधनच म्हणतात.

हे मानधनही रस्त्यावर उतरून मिळवलेलं आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात पन्नासहून अधिक दिवस चाललेला संप ज्यांनी केला त्यात आम्ही होतो. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा अंगणवाडीत चालणाऱ्या शालापूर्व शिक्षणाचीही दखल घेतली. मानधनासाठी लढणाऱ्या संघटनांचे आमच्यावर उपकार आहेत आणि त्यांच्या प्रत्येक मोर्चात आम्ही पुढेही असू. पण मानधन कितीही वाढलं तरी मदतनीस म्हणून आलेली बाई बहुतेक वेळा मदतनीस म्हणूनच निवृत्त होते. त्या गोष्टीशी लढायला आजवर वेगळी चळवळ नव्हती. ती आता आहे.

ही वाट आधी चाललेल्या बायका

शिकता शिकता शिकवणं आणि शिकवता शिकवता शिकणं ही या मातीतली जुनी रीत आहे. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात मुलींसमोर उभ्या राहिल्या, ते नुसत्या धैर्यावर नव्हे. त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. शेणमाती झेललेल्या सावित्रीबाई आपण दरवर्षी आठवतो. अध्यापनाचा अभ्यास केलेल्या सावित्रीबाई फारशा आठवत नाहीत. आम्हाला या दुसऱ्या सावित्रीबाई जास्त जवळच्या वाटतात.

रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनात विधवा आणि परित्यक्ता बायका शिक्षिका होण्यासाठी शिकल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यांतल्या मुलांना कमवा आणि शिका हा मार्ग घालून दिला आणि १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारं अध्यापक विद्यालयही काढलं.

पण आमची खरी आजी अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढं शिकून त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळत रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या, पदवी तर त्याहून कितीतरी नंतर, उतारवयाकडं झुकताना मिळवली. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर या दोघी बालवाडीच पाड्यावर, झाडाखाली, घराच्या अंगणात घेऊन गेल्या. आज राज्यात ज्या एक लाखाहून अधिक अंगणवाड्या चालतात त्यांचं मूळ तिथं आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी.

कोसबाडच्या कामात आम्हाला एक गोष्ट विशेष दिसते. तिथं मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, खाऊ देणं, गाणं म्हणणं आणि दगड-पानांवरून मोजायला शिकवणं हे सगळं एकाच कामात बसत होतं. नखं कापताना बोटं मोजली जात. हात धुताना पाण्याची गोष्ट निघे. सांभाळणारी खालची आणि शिकवणारी वरची, ही उतरंड नंतर आली, ती योजनेच्या पदरचनेतून आली. लहान मुलाला अशी फोड कळत नाही. ज्या हातानं वरण-भात कालवून दिला त्याच हातातलं चित्र ते बघतं. शालापूर्व शिक्षणाचा कुठलाही अभ्यासक्रम उघडा, राज्याचा 'आकार' घ्या की केंद्राचा २०२४चा 'आधारशिला' घ्या, खेळ, संवाद, सवयी, भाषा यांचीच मांडणी सापडेल. आमचा दिवस त्यातच जातो.

भिंती कुठं कुठं आहेत

मदतनिसाला पहिली ते पाचवीची शिक्षिका व्हायचं असेल तर काय करावं लागतं, ते एकदा नीट मांडू. भाषणांत म्हटलं जातं की शिकायची इच्छा हवी. इच्छा आहे. पुढं वाचा.

सातवी शिकलेल्या बाईनं आधी दहावी करायची. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे; किमान पाचवी पास असेल आणि शाळा सोडल्याचा दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसता येतं. ही चांगली सोय आहे आणि तिचा फायदा आजवर असंख्य बायकांनी घेतला आहे. पण फॉर्म भरल्यावर शिकवणार कोण? संपर्क केंद्र म्हणून दिलेली शाळा तोंडी परीक्षा आणि प्रकल्पवह्या घेते. गणिताचं समीकरण कुणी समजावून देत नाही. बाई अपेक्षित प्रश्नसंच घेऊन रात्री एकटी बसते. मग तेच बारावीला.

बारावीनंतर डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. इथं सर्वांत उंच भिंत आहे. ही पदविका दोन वर्षांची, पूर्ण वेळ. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांनुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, तासांना ८० टक्के हजेरी, आंतरवासितेत ९० टक्के. अध्यापक विद्यालयाची वेळ तीच अंगणवाडीची वेळ. म्हणजे डी.एड. करायचं तर मदतनिसाची जागा सोडायची. जागा सुटली की मानधन सुटलं, आणि रिकाम्या जागेवर दुसरी बाई लागली की परतायची सोयही संपली. दोन वर्षं बिनकमाईची, वर फी, वर तालुक्याला जाण्या-येण्याचं भाडं. ज्या घरात आमच्या साडेसात हजारांवर किराणा भरतो, त्या घरात हा विचार पहिल्या वाक्यालाच थांबतो.

बी.एड.चा आडमार्गही आता उरलेला नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे, तिचं वेगळं शिक्षण हवं, हे त्यामागचं म्हणणं आम्हाला पटतं. पण त्यामुळं डी.एड.च्या दाराचं मोल वाढलं आणि ते दार आमच्यासाठी तसंच बंद राहिलं.

पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. पेपर पहिला, दीडशे गुण: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. खुल्या गटाला साठ टक्के लागतात. निकाल बहुतेक वेळा एकेरी टक्क्यांत लागतो. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग जाहिरात निघण्याची वाट. आणि या सगळ्यावर वयाची मर्यादा: खुल्या गटाला ३८, राखीव गटाला ४३. पस्तिशीत दहावीला बसणाऱ्या बाईनं हिशोब मांडून बघावा. सगळ्या परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली तरी खुल्या गटातली बाई वेळेत पोहोचत नाही.

वरून नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता होईल. आम्ही त्याला विरोध करत नाही. पण दोन वर्षं जिथं सुटत नाहीत तिथं चार कशी सुटतील, हे आत्ताच विचारायला हवं.

त्याच धोरणात अंगणवाडीसाठी एक कलम आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी कार्यकर्तींना सहा महिन्यांचं बालशिक्षण प्रमाणपत्र, कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, आणि तेही काम चालू ठेवून, दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या साहाय्यानं, असं धोरणानं २०२० साली लिहून ठेवलं. आमच्यापर्यंत काय आलं? 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रमातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि तेही मुख्यतः सेविकाताईंसाठी. तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून आलेल्या सेविकाताईंच्या वहीतून आम्ही उतरवून घेतलं, वाचलं, वापरलं. पण ज्यांच्या हाती वर्ग असतो त्यांचं शिक्षण असं उसन्या वहीवर चालू नये.

भाषेचं शिक्षण आमच्याकडं आहे

मेळघाटातल्या पाड्यावर तीन वर्षांचं मूल कोरकूत रडतं. भामरागडला माडियात हट्ट करतं, धडगावला पावरीत प्रश्न विचारतं, डहाणूत वारलीत गाणं म्हणतं. बाहेरून आलेल्या शिक्षकाला ते समजत नाही. कधीकधी तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या सेविकाताईंनाही नाही. मदतनीस त्याच पाड्यावरची असते. तिला कळतं. मूल काय म्हणतंय ते ती वर्गाला सांगते आणि वर्गात काय चाललंय ते मुलाला सांगते.

शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमात शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी असं आहे. धोरण म्हणतं, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. हे अमलात आणायचं तर कोरकू, गोंडी, माडिया, भिली, पावरी, वारली बोलणाऱ्या प्रशिक्षित शिक्षिका लागतील. त्या पुण्यातून येणार नाहीत. त्या आजच वर्गात आहेत. आदिवासी पट्ट्यातल्या अध्यापक विद्यालयांत या भाषा अस्खलित बोलणाऱ्या मदतनिसांना प्रवेशात प्राधान्य मिळालं पाहिजे, कारण ही मोठी पात्रता आहे आणि ती कुठल्याही महाविद्यालयात दोन वर्षांत कमावता येत नाही.

आम्ही काय मागतो

नोकरीत राहून करता येणारं डी.एल.एड. हवं. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण सरकारनं हे एकदा केलेलं आहे. २०१७ साली शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली गेली, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं देशभरच्या लाखो शिक्षकांना नोकरीत ठेवून ही पदविका दिली. स्वयम् पोर्टल, डीटीएच वाहिन्या, सुट्टीच्या दिवशी संपर्कवर्ग. खासगी शाळांतल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी जे करता आलं ते अंगणवाडीतल्या बायकांसाठीही करता येईल.

मात्र त्या प्रयोगातली चूक पुन्हा नको. ती पदविका अठरा महिन्यांत आटपली. पुढं खटले झाले आणि २८ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अठरा महिन्यांची पदविका ही दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची धरता येणार नाही. राबून शिकलेल्या माणसांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. म्हणून आम्ही आखूड अभ्यासक्रम मागत नाही, लांब मागतो. दोन वर्षांचा संपूर्ण अभ्यास तीन वर्षांत पसरवा: शनिवार-रविवारचे तास, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली निवासी शिबिरं, एकही विषय न गाळता. अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आधी घ्या, प्रवेश मग द्या. अभ्यासक्रम सुरू करून मान्यतेसाठी अर्ज करणारी घाई आमच्या माथी मारू नका.

वर्ग भरवायला नव्या इमारती नकोत. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. शिक्षकभरती थंडावल्यावर ओस पडलेली अध्यापक विद्यालयं तालुक्यातालुक्यांत आहेत, त्यांत फळे आहेत, बाकं आहेत, अनुभवी प्राध्यापक आहेत. शनिवारी ती दारं उघडा.

आमच्या कामाची गणती करा. डी.एल.एड.मध्ये किमान वीस आठवड्यांची आंतरवासिता असते. ज्या बाईनं पाच-दहा वर्षं अंगणवाडी पाहिली आहे, तिच्या आंतरवासितेचा काही हिस्सा तिच्याच अंगणवाडीत धरला जावा. पण खऱ्या अर्थानं. म्हणजे अध्यापकानं येऊन तिचा पाठ बघावा, पाठ टाचण तपासावं, चुका दाखवाव्यात, आणि पहिली-दुसरीचे सराव पाठ तिनं शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत द्यावेत. नुसत्या अनुभवाच्या दाखल्यावर आंतरवासिता माफ करून घ्यायला आमचाच विरोध आहे. आपण जे सवयीनं करतो ते का करतो, हे कळण्यासाठीच तर शिकायचं आहे.

शिकत असताना मानधन चालू राहावं, शिबिराच्या दिवसांत बदली बाई मिळावी आणि तिचे पैसे प्रकल्पानं द्यावेत. फी शासनानं भरावी. सतरा नंबरवाल्या मदतनिसांसाठी प्रत्येक प्रकल्पात गणित आणि इंग्रजीचे तास चालवावेत, कारण बायका याच दोन विषयांत अडतात. मदतनीस म्हणून झालेल्या सेवेची वर्षं शिक्षकभरतीसाठी वय मोजताना वजा करावीत.

सक्षम अंगणवाडीच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं सेवा झालेल्या मदतनिसांतून भराव्यात असं म्हटलं आहे. तेही जिल्ह्याजिल्ह्यांत किती झालं, याची यादी लावा. मदतनीस ते सेविका हा टप्पा मोकळा झाला तर सेविका ते शिक्षिका हा पुढचा टप्पा सोपा होईल. सेविकाताईंनो, ही मागणी तुमचीही आहे. तुमच्या डोक्यावरचं कागदांचं आणि ॲपचं ओझं उतरावं आणि तुम्हाला शिकवायला वेळ मिळावा, हेही आम्ही याच चळवळीतून मागणार. आपल्या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करण्याचा प्रयत्न होईल. तो आपण होऊ द्यायचा नाही.

खासगी नर्सऱ्यांतल्या सहायक ताया आणि विशेष मुलांच्या शाळांतल्या काळजीवाहक बायका यांचे प्रश्न वेगळ्या नियमांत अडकलेले आहेत. त्यांना इथं जागा आहे; त्यांच्या मागण्या त्यांनीच लिहाव्यात, त्या या जाहीरनाम्याला जोडल्या जातील.

जे आम्हाला विचारलं जातं

सगळ्या मदतनीस शिक्षिका झाल्या तर खिचडी कोण शिजवणार? हा प्रश्न आम्हाला गंभीरपणे विचारला जातो, म्हणून गंभीरपणे उत्तर देतो. शिपायाचा मुलगा तहसीलदार झाला तर कार्यालयात पाणी कोण देणार, असं कुणी विचारत नाही. एक बाई पुढं गेली की तिची जागा गावातल्या दुसऱ्या बाईला मिळेल आणि तिच्यासाठीही तीच वाट खुली असेल. ज्यांना मदतनीस म्हणूनच राहायचं आहे त्यांच्या कामाचा मान कणभरही कमी होता कामा नये. त्यांचं मानधन वाढावं ही मागणी आमचीच आहे.

वय झालं, असं म्हणतात. घरचे म्हणतात, शेजारचे म्हणतात, आणि सगळ्यांत जास्त आम्ही स्वतःच स्वतःला म्हणतो. चाळिशीच्या बाईला पहिली ते दुसरीच्या वर्गासाठी नेमकं काय कमी पडतं? मुलं वाढवलेली असतात, गाव ओळखीचं असतं, कुठल्या घरात दारू आहे आणि कुठलं मूल उपाशी येतं ते तिला माहीत असतं. गणिताचा सराव कमी असतो. तो करता येतो.

आणि मग दर्जाची काळजी करणारे असतात. त्यांचं म्हणणं आम्ही कान देऊन ऐकतो, कारण ती काळजी आम्हालाही आहे. टीईटी आहे तशीच राहू द्या. उलट ती स्वच्छ घ्या. २०१९-२० च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांनी गैरमार्गानं निकाल मिळवल्याचं उघड झालं. पैसे मोजून पास होणाऱ्यांनी ज्या जागा अडवल्या त्या अभ्यास करणाऱ्या गरीब मुला-मुलींच्या होत्या. दर्जाला खरा धोका तिथून आहे.

आम्ही स्वतः काय करणार

शासनाकडून उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणार नाही. प्रत्येक बीटमध्ये दर रविवारी अभ्यासगट बसेल. अंगणवाडीत, समाजमंदिरात, मंदिराच्या ओट्यावर, जिथं उजेड आणि सावली असेल तिथं. ज्या पुढं शिकल्या आहेत त्या मागच्यांना शिकवतील: बारावीवाली दहावीवालीला, डी.एड. झालेली टीईटीवालीला. गावातल्या निवृत्त गुरुजींकडं आम्ही जाऊन विचारणार आहोत. आजवर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांपैकी कुणी नाही म्हटलं नाही.

गटात गेल्यावर लाज सोडायची. अपूर्णांक येत नाहीत म्हणायला लाजायचं नाही, एबीसीडीपासून सुरू करायलाही नाही. नापास झालेली बाई पुढच्या रविवारी गटात आलीच पाहिजे. नाही आली तर दोघींनी तिच्या घरी जायचं. ज्या घरात अभ्यासावरून भांडण होतं, त्या घरी आम्ही सगळ्या मिळून जाऊ आणि सासूबाईंशी, दादांशी नीट बोलू. परीक्षेच्या महिन्यात तिच्या घरच्या भाकऱ्या वाटून घेऊ. पुस्तकं एकीकडून दुसरीकडं फिरतील. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी गटातला एक फोन रविवारी अभ्यासाचा राहील.

वर्गात आपण जे करतो त्याची रोज चार ओळींची नोंद प्रत्येकीनं ठेवायची. आज कुठला खेळ घेतला, कुणाला जमला, कुणाला जमला नाही आणि का. ही वही पुढं आपला पुरावा ठरेल, पण त्याआधी ती आपला अभ्यास आहे. शिक्षिका असाच विचार करते.

एजंटाला एक रुपया द्यायचा नाही. पास करून देतो, प्रमाणपत्र आणून देतो, भरतीत नाव घालतो म्हणणारा जो कोणी भेटेल, त्याचं नाव गटात सांगायचं. या नियमाला अपवाद नाही. ज्या बाईनं हा नियम मोडला तिला या चळवळीत राहता येणार नाही, मग ती कितीही जवळची असो.

आमच्या कामाची तारीख बोर्डाच्या वेळापत्रकानुसार ठरते. सतरा नंबरचे फॉर्म साधारणपणे पावसाळ्यात भरले जातात, म्हणून पहिली बैठक जूनमध्ये, शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक तालुक्याला. येताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणा. दाखला हरवला असेल तर आधी शाळेत दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. अर्जाचा नमुना बीटमधल्या गटप्रमुखाकडं मिळेल. दहावी झालेल्यांनी गुणपत्रिका आणावी, बारावी झालेल्यांनी दोन्ही. लहान मूल असेल तर बरोबर घेऊन या. बैठकीत मुलांना सांभाळायला आम्ही आहोत.